‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’पासून ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’पर्यंत: टीकॅसचा इशारा आल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

मी मूळचा अमळनेरचा, पोटापाण्यासाठी विमान उडवतो. सुट्टीवर घरी आलो की जळगाव, धुळे, शिरपूरकडची, विमान कंपनीच्या मुलाखतीची तयारी करणारी पोरं-पोरी एखाद्या संध्याकाळी येऊन बसतात. त्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. तुम्ही सरळ उडताय, कानात ‘क्लाइंब, क्लाइंब’ आलं (वर चढा) आणि त्याच क्षणी जमिनीवरच्या कंट्रोलरनं खाली उतरायला सांगितलं, तर काय कराल? उत्तर सगळ्यांना पाठ असतं: टीकॅसचं ऐकू. (टीकॅस म्हणजे दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊ नये म्हणून इशारा देणारी विमानातली यंत्रणा.) मग त्यांना खुर्चीत बसवतो, हातात झाडूचा दांडा देतो, फोनवर तोच आवाज लावतो आणि हाताकडे बघत राहतो. बहुतेकांचा अंगठा आधी रेडिओच्या बटणाकडे जातो.

तोंडी उत्तर बरोबर येतं, पण हाताचा क्रम चुकतो. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तुमच्या कंपनीची लेखी कार्यपद्धती आणि विमानाचं मॅन्युअल यात काही वेगळं असेल तर तेच पाळायचं. इथे जे आहे ते टीकॅस-२ च्या ७.१ आवृत्तीला धरून आहे.

## आधी दोन शब्द पक्के करा

टीए म्हणजे ट्रॅफिक अॅडव्हायजरी. आवाज येतो ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’, पडद्यावर पिवळं गोल चिन्ह दिसतं. दोन विमानं एकमेकांच्या सर्वांत जवळ येण्याच्या साधारण २० ते ४८ सेकंद आधी हा इशारा मिळतो. टीए म्हणजे तयार राहा.

आरए म्हणजे रिझोल्यूशन अॅडव्हायजरी. लाल चौकोन दिसतो आणि वर, खाली किंवा ‘आहे तसंच’ असा स्पष्ट हुकूम येतो. हा साधारण १५ ते ३५ सेकंद आधी मिळतो. आरए म्हणजे करा.

सेकंदांचा अंदाज यायला एक हिशेब. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी ४५० नॉटनं (ताशी सुमारे ८३३ किलोमीटर) उडत असतील, तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला जवळपास २८ किलोमीटरनं घटतं. जळगाव ते भुसावळ एका मिनिटाच्या आत संपलं! आरए आला तेव्हा हातात २५ सेकंद असतील तर दुसरं विमान साधारण साडेअकरा किलोमीटरवर आहे. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या धुळकट आभाळात ते डोळ्यांना दिसेलच, याचा भरवसा नाही.

## टप्पा १: जमिनीवर असतानाच

१. टीकॅसची चाचणी करा. विमान उभं असतानाच ती करायची, आणि ‘टेस्ट ओके’ किंवा ‘पास’ असा आवाज नीट ऐकायचा. बटण दाबलं आणि लगेच पुढच्या कामाला लागले, असं होता कामा नये.

२. उड्डाणाआधी निवड ‘टीए/आरए’वर आहे ना, ते बघा. ‘टीए ओन्ली’वर राहिलं तर ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू येईल, पण पुढचा हुकूम येणारच नाही. एक इंजिन बंद पडल्यावर विमानाला आरएला हवं तेवढं चढायची ताकद उरेलच असं नाही, म्हणून चेकलिस्ट ‘टीए ओन्ली’ करायला सांगते. सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) त्या सरावानंतर पुढच्या सरावाला निवड परत बदलायची राहून जाते. मी ही चूक स्वतः केलेली आहे.

३. वर-खाली किती ट्रॅफिक दाखवायचं याचा स्विच असेल तर चढताना ‘अबव्ह’, उतरताना ‘बिलो’. अनेक विमानांत ‘अबव्ह’वर ९,९०० फूट वरपर्यंतची विमानं दिसतात, नेहमीच्या स्थितीत फक्त २,७०० फूट वर-खाली.

४. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर, दोघांनी मिळून एक वाक्य बोलून घ्या: आरए आला तर कोण उडवणार, कोण बोलणार. कंपनीची पद्धत दोघांना माहीत असली तरी मोठ्यानं बोलायचं. लग्नात वाढप्यांना कोणी काय वाढायचं ते आधीच सांगितलेलं असतं, तरी पंगत बसायच्या आत आपण पुन्हा एकदा विचारतोच ना!

तपासा: ट्रान्सपॉन्डर (विमानाचा कोड आणि उंची रेडिओनं पाठवणारं यंत्र) उंची पाठवतोय का? तुमच्या ट्रान्सपॉन्डरनं उंची पाठवली नाही तर दुसऱ्याच्या टीकॅसला तुमच्याविरुद्ध आरए देताच येत नाही.

## टप्पा २: शेवटचे १,००० फूट

आरए येऊच नये, यासाठी पायलटच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

कंट्रोलरनं तुम्हाला कुठपर्यंतची परवानगी दिलीय, हे टीकॅसला माहीत नसतं. तुम्हाला ३३,००० फुटांपर्यंतच चढायचंय आणि वरचं विमान ३४,००० वर आहे, हे कंट्रोलरला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, ऑटोपायलटलाही माहीत आहे. टीकॅस मात्र एवढंच बघतो की खालचं विमान मिनिटाला ३,००० फुटांनी वर येतंय आणि याच वेगानं आलं तर थोड्याच सेकंदांत धडकेल. तो ओरडणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून आजूबाजूच्या लेव्हलवर दुसरं विमान आहे हे कळलं असेल, तर ठरलेल्या उंचीच्या आधीचे शेवटचे १,००० फूट मिनिटाला १,५०० फूट किंवा त्याहून कमी वेगानं चढा-उतरा. ऑटोपायलटचा उंची पकडायचा मोड यासाठी पुरत नाही. तो अनेकदा शेवटपर्यंत जोरात चढतो आणि मग वाकतो. व्हर्टिकल स्पीड, म्हणजे चढायचा-उतरायचा वेग, स्वतः निवडून कमी करा.

खबरदारी: कंट्रोलरनं ‘लवकर चढा’ असं सांगितलं असेल तर परस्पर वेग कमी करू नका, आधी बोला.

## टप्पा ३: ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’

टीए आल्यावर करायची कामं थोडी आहेत, न करायची जास्त आहेत.

करायचं ते असं. उडवणाऱ्या पायलटनं हात कंट्रोलवर आणि थ्रॉटलवर ठेवायचे. ऑटोपायलट सुरू असला तरी त्याचं बटण कुठे आहे ते बोटाला सापडलेलं असलं पाहिजे. दोघांनी एकेक वाक्य बोलायचं: आपण आत्ता चढतोय, उतरतोय की सपाट आहोत. हे वाक्य क्षुल्लक वाटतं, पण पुढचा हुकूम ‘लेव्हल ऑफ’ असेल तर त्याचा अर्थ याच वाक्यावर ठरतो. दुसऱ्या पायलटनं पडद्यावर पिवळं चिन्ह शोधायचं: वर आहे की खाली, आणि शेजारचा बाण कुठे दाखवतोय. ‘+०३’ म्हणजे ३०० फूट वर. बाण असेल तर ते विमान मिनिटाला किमान ५०० फुटांनी चढतंय किंवा उतरतंय.

आता न करायचं. फक्त टीएवरून विमान वळवू नका, चढवू नका, उतरवू नका. पडद्यावरची दिशा अँटेनावरून काढलेली असते आणि तिच्यात कित्येक अंशांची चूक असू शकते. अंतर आणि उंची बऱ्यापैकी खरी असते, दिशा मात्र कच्ची. तुम्ही स्वतः वळत असाल तर समोरचं चिन्हही पडद्यावर सरकतं आणि ‘ते आपल्या आडवं येतंय’ असा भास होतो. पडदा बघून डावीकडे वळणारा माणूस कधीकधी थेट त्याच विमानाच्या वाटेवर जातो.

दुसरी चूक म्हणजे ‘आमच्या बाजूला कोणी आहे का’ असं विचारत फ्रिक्वेन्सी अडवून ठेवणं. विचारायला बंदी नाही. पण तो प्रश्न विचारता विचारता आरए येतो आणि उडवणाऱ्याचं लक्ष रेडिओत अडकलेलं असतं.

घाई नको करू, भो. बहुतेक टीए तसेच विरून जातात.

## टप्पा ४: आरए आला, पहिली पाच सेकंदं

क्रम असा:

१. ऑटोपायलट बंद. काही नव्या विमानांत ऑटोपायलट स्वतःच आरए उडवतो. तिथे मॅन्युअल सांगेल तसं करा, पण तोही बरोबर बाजूला जातोय ना, यावर डोळा ठेवा. जुन्या पद्धतीच्या एअरबसमध्ये दोन्ही फ्लाइट डायरेक्टरही (विमान कुठे न्यायचं ते पडद्यावर दांड्यांनी दाखवणारे) बंद करायचे असतात. एक चालू राहिला तर ऑटोथ्रस्ट (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) वेग धरायच्या मोडवर येत नाही, आणि डोळे लाल-हिरव्या पट्ट्याऐवजी जुन्या दांड्यांच्या मागे जातात.

२. आरए आला की टीकॅस व्हर्टिकल स्पीडच्या पट्टीवर लाल आणि हिरवा भाग दाखवतो. हिरव्या भागात जा, लाल भागाबाहेर राहा. नजर व्हर्टिकल स्पीडच्या खुणेवर किंवा पीएफडीवरच्या (समोरचा मुख्य पडदा) पिचच्या, म्हणजे नाकाच्या वर-खाली कोनाच्या, खुणेवर. बाहेर बघायचं काम दुसऱ्याचं.

३. मग इंजिनाची शक्ती आणि वेग.

४. त्यानंतर रेडिओ. रेडिओ चौथा आहे. पुन्हा लिहितो, चौथा.

टीकॅसचा सगळा हिशेब तुम्ही पाच सेकंदांच्या आत प्रतिसाद द्याल असं गृहीत धरून केलेला असतो. चढायच्या हुकमाला मिनिटाला १,५०० फूट, म्हणजे सेकंदाला २५ फूट मिळतात. आणखी पाच सेकंद ‘नक्की काय म्हणाला रे’ यात गेली तर १२५ फूट गेले. टीकॅस दोन विमानांमध्ये जेवढं उभं अंतर ठेवायचा प्रयत्न करतो ते उंचीनुसार ३०० ते ७०० फूट असतं. त्यातले १२५ गेले म्हणजे किती मोठा वाटा गेला ते बघा.

### कंट्रोलर उलट सांगतोय

अशा वेळी आरए पाळायचा आणि कंट्रोलरला ‘अनेबल (जमणार नाही), टीकॅस आरए’ एवढंच सांगायचं. चर्चा नाही.

कारण समजलं की हे डोक्यात बसतं. दोन्ही विमानांत टीकॅस-२ असेल तर ते ट्रान्सपॉन्डरच्या मोड एस लिंकवर एकमेकांशी बोलून ठरवतात: एकानं वर, एकानं खाली. केळीच्या हंगामात सावदा-रावेरकडच्या अरुंद रस्त्यावर दोन ट्रक समोरासमोर आले की दोघांचे क्लीनर खाली उतरतात आणि कोणी कुठे दाबून घ्यायचं ते ठरवतात. टीकॅस म्हणजे ते दोन क्लीनर. कंट्रोलर लांब चौकातून फोनवर सांगतोय, आणि क्लीनरांनी काय ठरवलं ते त्याला दिसत नाही. अशा वेळी एका ड्रायव्हरनं फोन ऐकला आणि दुसऱ्यानं क्लीनर, तर दोघेही एकाच बाजूला दाबतात.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनजवळ हेच झालं. तुपोलेव्ह-१५४ ला टीकॅसनं वर जायला सांगितलं, कंट्रोलरनं खाली. बोइंग ७५७ ला टीकॅसनं खाली जायला सांगितलं होतं आणि ते खाली गेलं. तुपोलेव्हही खाली गेलं. दोन्ही विमानांतले मिळून ७१ जण गेले.

खबरदारी: काही कारणानं आरए पूर्ण पाळता येत नसेल तरी त्याच्या उलट दिशेला कधीच जायचं नाही. सपाट राहिलात तर दुसऱ्याच्या टीकॅसला थोडी तरी जागा मिळते. उलट गेलात तर ती जागाही तुम्ही खाऊन टाकता.

### ‘पण मला ते विमान दिसतंय’

दिसत असलं तरी आरए पाळा. दिसणारं विमान तेच कशावरून? रात्री दिव्यांवरून अंतर कळत नाही, दिवसा ढगांच्या तिरक्या कडेमुळे वरचं विमान खाली भासतं. एका विमानाकडे बघत असताना आरए दुसऱ्याचा असू शकतो.

## टप्पा ५: किती ओढायचं

अपघाताच्या गोष्टी ऐकून मुलं घाबरतात आणि जोरात ओढतात. सिममधल्या माझ्या पहिल्या आरएला मी मिनिटाला ३,००० फुटांच्या वर गेलो होतो, आणि इन्स्ट्रक्टरनं शांतपणे विचारलं, ‘वरच्या लेव्हलवर कोण आहे, विचारलंस का?’ एक टक्कर टाळताना मी दुसरीची सोय करून ठेवली होती.

पहिल्या आरएसाठी अपेक्षित जोर पाव जी, म्हणजे ०.२५ जी एवढाच (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर). कपातला चहा हलेल, सांडणार नाही. पिच किती बदलायचं याचा ढोबळ अंदाज असा:

- मॅक ०.८० च्या (ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के) आसपास, उंचावर: साधारण २ अंश
- १०,००० फुटांखाली २५० नॉटनं: साधारण ४ अंश
- अप्रोचला २०० नॉटखाली: ५ ते ७ अंश

हे आकडे सपाट उडत असताना १,५०० फुटांचा वेग गाठण्यासाठी आहेत. एवढं पिच लावा, मग खूण बघून बारीक सुधारा. हिरव्या भागाच्या अलीकडच्या कडेला पोचलात की पुरे.

सर्वांत जास्त चुकणारा हुकूम: ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’. याचा अर्थ व्हर्टिकल स्पीड शून्यावर आणा. चढत असाल तर नाक खाली, उतरत असाल तर नाक वर. पूर्वी या जागी ‘अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अॅडजस्ट’ असा आवाज यायचा आणि काही पायलट वेग कमी करण्याऐवजी वाढवायचे. म्हणूनच ७.१ आवृत्तीत शब्द बदलले. शब्द बदलले तरी गोंधळणारे भेटतातच, आणि ते बहुधा टप्पा ३ मधलं ‘आपण आत्ता चढतोय’ हे वाक्य न बोललेले असतात.

आणखी दोन हुकूम नीट ओळखा. ‘मॉनिटर व्हर्टिकल स्पीड’ आला तर आहात ते ठीक आहे, फक्त लाल भागात शिरू नका. इथे बऱ्याच वेळा काहीच करायचं नसतं, आणि ते ‘काहीच न करणं’ जमत नाही म्हणून लोक उगाच ओढतात. ‘मेंटेन व्हर्टिकल स्पीड, मेंटेन’ आला तर आत्ताचा वेग तसाच ठेवा. मिनिटाला २,२०० फुटांनी चढत असाल तर १,५०० वर आणू नका. १,५०० हा आकडा पाठ केलेली मुलं नेमकी इथे फसतात.

तपासा: दुसरा पायलट मोठ्यानं आकडा सांगतोय का? ‘बाराशे… पंधराशे… हिरव्यात.’

## टप्पा ६: रेडिओ

विमान हिरव्यात आलं, आता बोला. कॉलसाइन आणि ‘टीकॅस आरए’, बस. ‘टीकॅस क्लाइंब’, ‘आम्ही ट्रॅफिकमुळे वर जातोय’ वगैरे काही नाही. दिशा सांगायची गरज नाही. कंट्रोलर ‘रॉजर’ म्हणेल. त्यानंतर ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) कळवेपर्यंत तो तुमचा मार्ग बदलायचा प्रयत्न करणार नाही.

कळवायचं केव्हा? आरएमुळे परवानगीपासून हटावं लागलं तर. ‘मॉनिटर व्हर्टिकल स्पीड’ आला आणि तुम्ही जागचे हललाच नाहीत, तर त्या क्षणी फ्रिक्वेन्सी अडवायची गरज नाही.

खबरदारी: टीए आला तेव्हा रेडिओवर ‘टीकॅस आरए’ म्हणू नका. कंट्रोलर सूचना द्यायचं थांबवतो, आणि तुम्ही मात्र परवानगीवरच उडत असता.

## टप्पा ७: हुकूम बदलला तर

पहिला आरए म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तीन प्रकारे तो बदलतो.

वाढतो: ‘इन्क्रीज क्लाइंब’ किंवा ‘इन्क्रीज डिसेंट’. आता मिनिटाला १,५०० ऐवजी २,५०० फूट.

उलटतो: ‘क्लाइंब, क्लाइंब नाऊ’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड नाऊ’. समोरच्यानं ऐकलं नाही किंवा गणित बदललं, म्हणून टीकॅसनं दिशा फिरवली. ‘नाऊ’ या शब्दाकडे कान हवेत, कारण बाकी आवाज पहिल्यासारखाच असतो.

सैलावतो: धोका ओसरताना ‘लेव्हल ऑफ’ येतो. इथे सपाट व्हा. ‘आधी वर सांगितलं होतं ना’ म्हणून चढत राहू नका.

बदललेल्या किंवा उलटलेल्या आरएला पाच नव्हे, अडीच सेकंदांत प्रतिसाद द्यायचा असतो, आणि जोर ०.३५ जीपर्यंत. पहिल्यापेक्षा लवकर आणि थोडं जास्त. म्हणून पहिल्या हुकमानंतर ‘झालं’ म्हणून हात सैल सोडू नका.

‘क्लाइंब, क्रॉसिंग क्लाइंब’ ऐकलं तर दचकू नका. याचा अर्थ तुम्ही दुसऱ्याची उंची ओलांडून वर जाणार आहात. पडद्यावर ते विमान तुमच्या वरच दिसत असेल आणि मन म्हणेल, खाली जाऊ. मनाचं ऐकू नका, टीकॅसनं जे सांगितलंय तेच करा.

## कधी आरए मागे ठेवायचा

स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) इशारा, विंडशिअरचा (वारा अचानक बदलण्याचा) इशारा आणि जमीन जवळ असल्याचा इशारा हे तिन्ही आरएपेक्षा मोठे. ते आले तर आधी ते.

जमिनीजवळ टीकॅस स्वतःच गप्प होत जातो. साधारण १,५५० फुटांखाली ‘इन्क्रीज डिसेंट’ देत नाही, १,१०० फुटांखाली ‘डिसेंड’ देत नाही, १,००० फुटांखाली कोणताच आरए देत नाही आणि ५०० फुटांखाली टीएचा आवाजही बंद. हे सगळे आकडे जमिनीपासूनच्या उंचीचे आणि साधारण १०० फूट इकडेतिकडे धरायचे. जळगावला एटीआर (लहान प्रवासी विमान) उतरत असताना शेवटच्या टप्प्यात तो बोलत नाही म्हणून ‘आसपास कोणी नाही’ असं समजायचं नसतं. तिथून पुढे डोळे आणि रेडिओ.

जड विमान, उंच लेव्हल आणि ‘क्लाइंब’चा आरए: विमान १,५०० देऊ शकत नसेल तर देईल तेवढं घ्या, वेगावर नजर ठेवा आणि स्टॉलच्या इशाऱ्याचा मान राखा. ‘जमत नाही’ म्हणून खाली निघू नका.

## टप्पा ८: ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’

हा आवाज आला की दोघेही एक मोठा श्वास घेतात, आणि तिथेच चूक होते. विमान अजून चढतंय!

१. हळुवारपणे, पण रेंगाळू नका, आधीच्या परवानगीच्या उंचीकडे वळा. आरएमध्ये परवानगीपासून जितकं कमी हटता येईल तितकं कमी हटायचं असतं, आणि परत यायला उशीर करायचा नसतो.

२. कळवा: ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट, रिटर्निंग टू’ आणि तुमची परवानगी. परत पोचला असाल तर शेवटी ‘रिझ्यूम्ड’.

३. आरए चालू असताना कंट्रोलरनं नवी उंची दिली होती आणि तुम्ही ‘अनेबल’ म्हणाला होतात, तर आता त्याला विचारून घ्या. गृहीत धरू नका.

४. ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर, निवडलेली उंची, सगळं पुन्हा लावा आणि पडद्यावर वाचून खात्री करा. फ्लाइट डायरेक्टर बंदच राहिले, हे अनेकदा दहा मिनिटांनी लक्षात येतं.

## टप्पा ९: उतरल्यावर

ताजं असताना लिहून काढा: वेळ, उंची, चढत होतात की उतरत, कोणता आवाज आला, बदलला का, किती फूट हटलात, कंट्रोलर काय म्हणाला. कंपनीचा अहवाल आणि टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही) कंपनीच्या नियमाप्रमाणे भरा. अहवाल म्हणजे कबुलीजबाब नव्हे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून न लिहिणारे पायलट मला माहीत आहेत. विमानातला रेकॉर्डर सगळं लिहून ठेवतोच, फक्त तुमची बाजू राहून जाते.

## आपल्या लहान विमानांसाठी

शिरपूर किंवा धुळ्याकडे सेसनासारखी विमानं उडवायला शिकणाऱ्यांच्या कॉकपिटमध्ये टीकॅस-२ नसतो. म्हणून हा विषय आपला नाही, असं त्यांना वाटतं. पण एटीआरच्या टीकॅसला तुम्ही दिसता की नाही, हे तुमच्या हातात आहे.

अनेक ट्रान्सपॉन्डरवर ‘ऑन’ आणि ‘ऑल्ट’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. ‘ऑन’वर फक्त कोड जातो, उंची जात नाही. मग एटीआरला फार तर टीए मिळतो, आरए मिळत नाही. ट्रान्सपॉन्डर बंदच असेल तर तुम्ही त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसता. बटण ‘ऑल्ट’वर ठेवा.

‘माझा क्यूएनएच (अल्टिमीटरमध्ये लावायचा स्थानिक हवेचा दाब) चुकला असेल तर चुकीची उंची जाईल का?’ असं एका मुलीनं विचारलं होतं. चांगला प्रश्न. जात नाही. ट्रान्सपॉन्डर नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कलवरची उंची पाठवतो, तुमच्या अल्टिमीटरची खिडकी काहीही दाखवो. टीकॅसही त्याच मापानं तुलना करतो.

बाकी जुनंच: लँडिंग लाइट चालू, धावपट्टीभोवतीच्या सर्किटमध्ये आपली जागा रेडिओवर स्पष्ट सांगणं, चढता-उतरताना नाकाखाली बघण्यासाठी हलकी वळणं. आणि खिडकीतल्या काचेवर एकाच जागी थांबलेला, हळूहळू मोठा होणारा ठिपका दिसला तर तो सरकण्याची वाट बघू नका. जो ठिपका सरकत नाही, तोच तुमच्याकडे येत असतो.

## घरच्या घरी सराव

एक खुर्ची, एक दांडा, फोनवर आवाजांची फाइल आणि एक स्टॉपवॉच. मित्राला मागे बसवा. कोणता आवाज लावणार, ते त्यानं सांगायचं नाही, मात्र तुम्ही चढताय की उतरताय ते आधी सांगायचं. आवाज आल्यापासून दांडा बरोबर दिशेला हलेपर्यंत किती सेकंद गेली, ते त्यानं मोजायचं. पहिल्या हुकमाला पाचच्या आत, बदललेल्याला अडीचच्या आत. मधूनच त्यानं कंट्रोलर होऊन उलट हुकूम द्यायचा. दहा मिनिटांच्या वर करू नका, कंटाळा आला की हात खोटं शिकतो.

आणि अंगठा रेडिओकडे आधी गेला, की घड्याळ शून्यावर, पुन्हा पहिल्यापासून.